जादा रोकड

मराठी भाषेत चूक कोणी करत नाही, ती होते. सर्दी होते, संध्याकाळ होते, तशीच चूक होते. दूध उतू जातं, किल्ली हरवते, कपाचा कान तुटतो, मागून आणलेलं पुस्तक परत द्यायचं राहून जातं. या सगळ्या प्रकारांत माणूस कुठेच नसतो. आमच्या घरी गेल्या पंधरा वर्षांत काचेचा एकही ग्लास कोणी फोडलेला नाही. ते सगळे आपणहून फुटलेले आहेत. बँकेत तर या कलेचं शास्त्र झालं आहे. भलत्याच खात्यात रक्कम गेली की खुलाशाचा पहिला शब्द ठरलेला: 'अनवधानाने'. हे अनवधान नावाचे गृहस्थ नेमक्या कुठल्या टेबलावर बसतात, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळलेलं नाही. पण सगळ्यात जास्त काम तेच करतात एवढं खरं.

अशा सोयीच्या व्याकरणात वाढलेला मी बी. कॉम. झालेला माणूस. हिंगोली जिल्ह्यातल्या एका शाखेत रोखपालाच्या खिडकीत बसतो. पाप-पुण्याविषयी माझे विचार कॉमर्सच्या पुस्तकांना धरूनच होते. म्हणजे पाप नावे, पुण्य जमा, आणि ज्याचा उलगडा होत नाही ते उचंत खात्यात. वर्षाअखेरीला सत्यनारायण घातला की खातं जुळलं.

या सुखात २०१८ साली आमच्या शाखेत नवे साहेब आले आणि बिघाड झाला. (पाहा, पुन्हा 'झाला'.)

साहेब वसईचे, कॅथलिक. त्यांचं नाव मी सांगणार नाही. ते आता बदलून दूर गेले आहेत आणि या लेखातलं माझं वागणं पाहता त्यांची माझ्याशी ओळख जाहीर करणं बरं नाही. आम्हाला ख्रिस्ती माणूस ठाऊक होता तो हिंदी सिनेमातला. गळ्यात क्रॉस, हातात ग्लास आणि दर वाक्याच्या शेवटी 'मॅन'. साहेबांच्या हातात आली ती सुकेळ्यांची पुडी. वसईची सुकवलेली केळी त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना वाटली आणि शिपायापासून सगळ्यांना 'अहो' म्हणाले. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. घरी फोनवर बोलत तेव्हा मात्र त्यांच्या बोलीतलं आम्हाला निम्मंच कळे. म्हणजे आमचं बोलणं त्यांना जेवढं कळे तेवढंच. वसई १५३४ साली पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, एवढं आम्ही शाळेत पाठ केलं होतं. किल्ला घेतल्यावर तिथली माणसं, त्यांची केळीची वाडी, त्यांची चर्चं आणि त्यांची मराठी तिथेच राहिली, हे परीक्षेला नसल्यामुळे राहून गेलं होतं.

२०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. मार्च महिन्यातल्या अशाच एका शुक्रवारी साहेब पिशवी भरून बसले होते. त्यांच्या उपवासाचे दिवस चालू होते. ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस. चहा पिता पिता मी सहज विचारलं, "साहेब, गावी काही विशेष?"

"विशेष काही नाही. पापं सांगायची आहेत," साहेब म्हणाले.

आमचा शिपाई कप घेऊन जागच्या जागी थांबला. साहेबांना पापं आहेत, ही बातमी आमच्या शाखेला नवीन होती. साहेब म्हणजे कसा माणूस? बँकेच्या पेनने घरची किराणा यादीसुद्धा लिहिणार नाही. "तरीच," शिपाई मला नंतर म्हणाला, "त्याबिगर काय बदली मराठवाड्यात व्हती?"

त्या दिवसापासून मी साहेबांच्या मागे लागलो. गोव्याच्या कोंकणीत ज्याला 'कुमसार' म्हणतात आणि शुद्ध मराठीत 'पापनिवेदन', तो प्रकार मला हिशेबनीस म्हणून समजून घ्यायचा होता. साहेबांनी सांगितलेलं आणि पुढे मी स्वतः वाचलेलं असं सगळं मिळून काही गोष्टी कळल्या.

पहिली गोष्ट म्हणजे पद्धत जुनी. वर्षातून निदान एकदा तरी प्रत्येकाने आपली पापं धर्मगुरूला सांगावीत, असा नियम रोमच्या लॅटरन महासभेने १२१५ साली केला. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी सांगायला अजून पंच्याहत्तर वर्षं होती, तेव्हापासून तिकडे वार्षिक तपासणी चालू आहे. दुसरी गोष्ट ऐकून तर मी खुर्चीत सरळ बसलो. मोठी पापं नुसती 'काही चुका झाल्या' अशी घाऊक सांगून चालत नाहीत. कोणतं पाप आणि किती वेळा, प्रकार आणि संख्या, असं सांगावं लागतं. ट्रेंटच्या महासभेने १५५१ साली हे ठरवून टाकलं. मला त्या महासभेविषयी एकदम आपुलकी वाटली. तिथे कोणीतरी कॉमर्सचा माणूस बसलेला असणार.

तिसरी गोष्ट ती जाळीची. फादर एका बाजूला, पापी दुसऱ्या बाजूला, मध्ये जाळी. ही लाकडी कपाटं सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी रूढ केली. मला हे चित्र ओळखीचं वाटलं. मीही जाळीच्या आत बसतो, लोक बाहेर उभे राहतात. फरक एवढाच, की आमच्याकडे पापी जाळीच्या आत असण्याची शक्यता जास्त.

आणि चौथी गोष्ट गुप्ततेची. फादरने जे ऐकलं ते मरेपर्यंत कोणालाही सांगायचं नाही. कोर्टाने विचारलं तरी नाही, जिवावर बेतलं तरी नाही. सांगितलं तर धर्मातूनच बाहेर. आमच्याकडे सौ.ला एखादी गोष्ट 'कोणाला सांगू नको' म्हणून सांगितली तर ती फक्त तिच्या बहिणीला सांगते. आणि बहीण कोणी परकी नव्हे.

लहानपणी पहिल्या पापनिवेदनाच्या वेळी, साहेब सांगत, मुलांची मोठीच पंचाईत होई. आठ-नऊ वर्षांचं वय, रांगेत उभं राहायचं आणि जवळ पाप एकही धड नाही. मग रांगेतच चौकशी चाले, "तू कोणतं सांगणारेस?" आईचं ऐकलं नाही, भावाला चिमटा काढला, शेजारच्या वाडीतली केळी खाल्ली, ही पापं पुढच्याकडून मागच्याकडे उसनी जात. सगळ्या रांगेने एकाच घडातली केळी खाल्लेली ऐकून फादरना काय वाटत असेल देव जाणे.

"पण साहेब," मी एकदा मुद्द्यावर आलो, "देव सर्वज्ञ आहे ना? मग त्याला ठाऊकच असणार. मध्ये फादर कशाला?"

साहेब हसले. "देवाला ठाऊक असतं म्हणूनच आपण त्याला सांगत नाही. नुसते हात जोडतो आणि म्हणतो, तुला सगळं माहीतच आहे. समोर माणूस बसला की वाक्य पूर्ण करावं लागतं. आणि ते 'मी'पासून सुरू करावं लागतं."

इथे माझं व्याकरण पहिल्यांदा डळमळलं.

आता तुम्ही म्हणाल, हे सारं परक्या घरचं. आपल्याकडे काय नाही? आहे की. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पाप हलकं होण्याचे मार्ग दिले आहेत, त्यांत पहिलाच आहे 'ख्यापन', म्हणजे केलेलं पाप लोकांपुढे बोलून दाखवणं. पश्चात्ताप त्याच्यानंतर येतो. आपण त्यातलं दानदक्षिणेचं तेवढं ठेवलं आणि ख्यापन रद्दीत घातलं. पूजेच्या शेवटी स्वतःभोवती गिरकी घेताना आपणही स्वतःला पापी म्हणवून घेतो. पण ते संस्कृतात असल्यामुळे मनाला लागत नाही. आमच्या जिल्ह्यात शिरड शहापूरला जैनांचं मोठं क्षेत्र आहे. पर्युषण संपलं की जैन मंडळी सगळ्यांची क्षमा मागतात. फार सुंदर चाल. पण मोबाइल आल्यापासून एका बोटाने शंभर जणांची क्षमा मागता येते. मला ज्यांच्याकडून असा संदेश येतो, त्या व्यापाऱ्याने माझं काय बिघडवलं हे मी दरवर्षी आठवून पाहतो. काहीच नाही. ज्याचं बिघडवलं असेल त्याचा नंबर त्यांच्याकडे नसावा.

आणि नामदेव! नरसी आमच्याच जिल्ह्यातली. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन सगळ्या संतांची डोकी वाजवून पाहिली आणि नामदेवांना 'कच्चं मडकं' ठरवलं, ही कथा आम्हा मुलांना दुधाबरोबर पाजलेली. नामदेव रागावले, रुसून विठ्ठलाकडे गेले आणि विठ्ठलानेही तेच सांगितलं. मग ते इथल्याच औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे आले, असं आमच्याकडे मानतात. लहानपणी मला या कथेत विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपले होते, त्याचंच अप्रूप. आता वाटतं, खरी गंमत आधीच्या भागात आहे. सगळ्या संतांत देवाशी गप्पा मारणारा माणूस एकच, आणि तोच कच्चा निघाला. 'मी कच्चा आहे' हे बोलायला त्याला तेरपासून औंढ्यापर्यंत यावं लागलं. पुढे जानेवारी २०२० मध्ये त्याच गोरोबांच्या जिल्ह्यात, उस्मानाबादला, साहित्य संमेलन भरलं आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले, तेव्हा मला ते अगदी रीतसर वाटलं. मडकी तपासायच्या गावाला पापं ऐकणारा माणूस हवाच.

मी मात्र तोवर नुसती चर्चा करत होतो. धर्माची चर्चा हा धर्मापासून सुरक्षित अंतरावर राहण्याचा उत्तम मार्ग आहे. "म्हणजे केलं पाप, सांगितलं, मोकळे! पुन्हा करायला रान मोकळं!" असं मी एकदा जिंकल्यासारखं म्हणालो.

"नाही हो," साहेब म्हणाले. "मनातून वाईट वाटायला हवं, पुन्हा न करण्याचं ठरवायला हवं. भीतीने वाटलेलं वाईटसुद्धा चालतं. चर्च तेवढं समजून घेतं." (म्हणजे तपासणीची टीम आल्यावर आम्हाला वाटतं तसं.) "पण चोरी केली असेल तर वस्तू परत द्यावी लागते. चोरलेलं खिशात ठेवून मागितलेली क्षमा खरी नव्हे. आणि ही फसवाफसवी आमच्यातही चालते, नाही असं नाही. सगळ्या जगाला 'सांगा' म्हणणाऱ्या आमच्याच काही धर्मगुरूंची घोर पापं कित्येक देशांत वर्षानुवर्षं लपवली गेली. म्हणून तर पोप जॉन पॉल यांनी २००० साली चर्चच्या लेकरांनी केलेल्या पापांची देवापुढे उघड क्षमा मागितली, ते मला आवडलं. आणि २०१४ साली पोप फ्रान्सिस लोकांची पापं ऐकायला निघाले, ते आधी स्वतःच एका साध्या पाद्र्यापुढे गुडघे टेकून बसले. पोपलाही ही रांग चुकत नाही."

'चोरलेलं खिशात ठेवून' हे शब्द घेऊन मी घरी गेलो आणि रात्री मला जेवण गेलं नाही. सौ. म्हणाली, "भाजी खारट झालीय का?" (केलीय नव्हे, झालीय.)

कारण माझ्या खिशात पाचशेची एक नोट होती. २०१२ सालापासून.

ती गोष्ट अशी. त्या वर्षी एका आठवडी बाजाराच्या दिवशी निराधारांच्या पैशांची गर्दी उसळली होती. आमच्याकडे त्याला सगळे 'पगार' म्हणतात. संध्याकाळी कॅश मोजली तर ५०० रुपये जादा. जादा रोकड निघाली तर ती जादा रोकड म्हणूनच जमा दाखवायची, हा नियम मला तोंडपाठ आहे. पण आदल्या महिन्यात माझी कॅश ५०० ने कमी भरली होती आणि ते मी माझ्या पगारातून भरले होते. मी मनात जमाखर्च टाकला. तेव्हा गेले, आता आले, फिट्टंफाट. नोट खिशात घातली. कॉमर्सच्या कोणत्याही पुस्तकात ही नोंद बसत नाही, हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी आली. डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. तीन महिन्यांचा साठलेला पगार आदल्या दिवशी नेलेला. म्हणाली, "सायब, पाचशेच्या तीन असाया पायजेल, दोनच निघाल्या."

मागे रांग होती. नोट माझ्या खिशात होती. मी बोटाने पाटी दाखवली. नोटा काउंटर सोडण्यापूर्वी मोजून घ्याव्यात, नंतर तक्रार चालणार नाही. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्याने वाचूनही दाखवली. माझा आवाज त्या दिवशी फार स्वच्छ लागला होता.

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मव्हंच चुकलं असंल बापा." आणि गेली.

वाचकहो, माझ्या सगळ्या नोकरीत त्या खिडकीसमोर 'माझंच चुकलं' हे वाक्य कर्त्यासकट बोललेलं एकच माणूस मी पाहिलं. आणि नेमकं त्याचंच चुकलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. दार लावलं. "साहेब, मला एक सांगायचंय," म्हटलं. माझा चेहरा पाहून साहेबांनी हात वर केला.

"थांबा. मी फादर नाही, मी तुमचा मॅनेजर आहे. काही बँकेचं असेल तर मला वर कळवावं लागेल."

मी थांबलो. घसा कोरडा पडला. मग मी म्हणालो, "साहेब, माझ्या एका मित्राची गोष्ट आहे."

सगळी गोष्ट मित्राच्या नावावर खपवली. साहेबांनी खिडकीबाहेर बघत ऐकली. शेवटी म्हणाले, "त्या मित्राला सांगा, मला सांगून उपयोग नाही. ज्या खिडकीतून घेतलं, तिच्या पलीकडच्या माणसाला सांगायला हवं." जरा थांबून म्हणाले, "आणि तो मित्र कोण, हे विचारायचं माझ्याकडून राहून जातंय." मग स्वतःशीच पुटपुटले, "हे आता माझ्या यादीत धरावं लागेल."

पुढच्या सुट्टीला साहेब वसईला गेले. त्या जाळीपाशी त्यांनी काय सांगितलं मला ठाऊक नाही. पण माझ्या पाचशेसाठी एका भल्या माणसाला गुडघे टेकावे लागले असतील, या विचाराने मला घरी बसवेना.

म्हातारीचा पत्ता खात्यावर होताच. रविवारी मी हिशेब मांडला. ५०० रुपये, ७ वर्षं, दरसाल ९ टक्के चक्रवाढ, एकूण ९१४ रुपये २ पैसे. पुन्हा एक अडचण. पाप जुन्या नोटेत केलेलं. ती नोट २०१६ साली बाद झाली. प्रायश्चित्त नव्या नोटेत घेणं भाग होतं. २ पैशांचं नाणं तर २०११ सालीच बाद झालं होतं. ९१४ रुपये पाकिटात घालून स्कूटर काढली. वाटेत वाक्य घोकत होतो. 'मावशी, सात वर्षांपूर्वी एक चूक झाली होती.' नाही. 'माझ्या हातून एक चूक घडली.' तेही नाही, हाताने काय केलं बिचाऱ्याने! गाव आलं तेव्हा कुठे वाक्य जमलं.

म्हातारी ओट्यावर तूर निवडत बसली होती. तिने मला ओळखलं. "खिडकीतले सायब," म्हणाली आणि पोतं अंथरलं.

"मावशी, त्या टायमाला तुमचे पाचशे मी ठेवून घेतले होते," मी म्हणालो.

तिने सुपातला एक खडा काढून टाकला. "मला ठावं व्हतं."

"मग तुम्ही 'मव्हंच चुकलं' काऊन म्हणलात?"

"पुढल्या खेपंला तुह्याच खिडकीत यायचं व्हतं की. सायबाला चोर म्हणून कसं चालंल बापा?"

रागाने नव्हे, भाव सांगावा तसं सांगितलं. मग तिने हेही सांगितलं, की त्या महिन्यात किराणावाल्याची उधारी फिटली नाही आणि तो पुढे तीन महिने दारात उभा राहून चारचौघांत बोलायचा. मी ९ टक्क्यांनी व्याज काढलं होतं. पण दारातलं ते बोलणं कोणत्या दराने काढायचं? फादरलोक प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना का सांगतात, ते मला तिथे थोडंसं कळलं. बाकीचं फेडण्याजोगं नाणं माणसाजवळ नसतंच.

मी पाकीट पुढे केलं. तिने नोटा बाहेर काढल्या, बोटाला थुंकी लावून एकेक मोजल्या; एकदा, मग पुन्हा एकदा. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मोजून घेती बरं का. तुमची पाटी हाय न्हवं."

मग मला कोरा चहा दिला. त्याहून कडक शिक्षा मला अजून कोणी दिलेली नाही.

आता हे छापून आल्यावर 'तो मित्र' कोण, हे आमच्या वरच्या ऑफिसलाही कळेल. कळू दे. खुलासा मागितला तर कागद तयार ठेवला आहे. त्यात 'अनवधानाने' हा शब्द नाही. सौ.ने तो वाचला आणि काही बोलली नाही, पण परवा स्वयंपाकघरातून खळकन आवाज आला आणि पाठोपाठ तिचा आवाज आला, "ग्लास मी फोडला हो!" आमच्या घरात कोणी फोडलेला हा पहिलाच ग्लास.

हिशेब मात्र अजून पुरता मिटलेला नाही. २ पैसे येणे आहेत, माझ्याकडून.